कामूनताई आणि नानांची बशी

यंदा खंडेनवमीला नानांनी माझा हात धरला. नाना म्हणजे माझे सासरे. आमच्या निघोजे गावात त्या दिवशी घरात लोखंडी म्हणून जे काही असेल ते पुजतात. विळी, कोयता, विहिरीवरची मोटार, मोटरसायकली आणि सगळ्यात शेवटी शेडमधली नानांची जुनी गाडी. मी बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि शेजारच्या एका बोल्टाकडे बोटं नेली, तर नाना केवढ्यांदा ओरडले.

"तिथं न्हाई! तिथं कायबी लावायचं न्हाई. ताईंचं हाय ते. उघडं हाय ते उघडंच राहूंदे."

आता हे कोण म्हणतंय बघा. ज्या माणसाने सगळी नोकरी गाड्यांच्या कंपनीच्या पेंटशॉपमध्ये काढली, उघडं लोखंड दिसलं की ज्याला जेवण जात नाही, ज्याने आमच्या नळांनासुद्धा ऑइलपेंट फासलाय, तो माणूस! त्या बोल्टाभोवती रुपयाएवढी जागा त्याने कोरी ठेवलीय आणि ती तो स्वतःच्या हाताने पुसतो. मी कुंकू करंड्यात परत टाकलं आणि मला ताई अशा काही आठवल्या, की पूजा अर्धी सोडून मी शेडच्या पायरीवर बसूनच राहिले.

ताईंचं नाव शकुंतला, पण माझ्या कंपनीत त्यांना त्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या परभणीकडच्या. आपण इकडे 'का' म्हणतो, 'कशाला' म्हणतो. तिकडे 'कामून' म्हणतात. आणि ताईंचं दर दुसरं वाक्य कामूनने सुरू व्हायचं. बस कामून थांबली, चहा आज पातळ कामून, नवीन साहेब शर्टाची बाही कामून दुमडतो. कंपनीतल्या पोरी त्यांना आधी मागून कामूनताई म्हणायच्या, मग तोंडावर म्हणायला लागल्या. त्यांना काही वाटायचं नाही. उलट विचारायच्या, "हे नाव पडलं कामून गं?" आणि आम्ही सगळ्या फिदीफिदी हसत सुटायचो.

चाकणला ज्या कंपनीत मी कामाला लागले तिथे गाड्यांचे हार्नेस बनतात. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या तारांचा एकत्र बांधलेला जुडगा. दिवे, हॉर्न, वायपर, स्टार्टर, सगळ्यांची वीज त्याच्यातून खेळते. गाडी घेणाऱ्याला तो आयुष्यात कधी दिसत नाही. लाइनवर सगळ्या बायकाच. एक मोठा फळा, त्याच्यावर खुंट्या, आणि फळा पुढे पुढे सरकत जातो. पहिलीने लाल तारा अडकवायच्या, दुसरीने पिवळ्या, तिसरीने काळ्या, पुढच्यांनी टेप गुंडाळायची. ताई आमच्या ट्रेनर. अंगाने किरकोळ, नऊवारी नाही पण पाचवारी घोट्याच्या वर खोचलेली, आणि चष्मा तारांच्या तुकड्यांच्या वेणीने गळ्यात अडकवलेला. किल्ल्या तारेने बांधलेल्या, डब्याचं झाकण तारेने बांधलेलं. पिशवीत कायम गूळ-शेंगदाणे. कोणी चुकलं की आधी गूळ पुढे करायच्या आणि मग बोलायच्या, त्यामुळे ताई गूळ द्यायला लागल्या की आम्ही आधी आपापल्या तारा तपासायचो.

माझा पहिला दिवस. मी नवी सून, पहिल्यांदा नोकरीला बाहेर पडलेली. ताईंनी माझ्या हातातली तार धरली.

"ही इकडून कामून जायली?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

"मग साहेबाच्या घरी जाऊ दे की. गाडीत कामून टाकायलीस?"

मी रडवेली झाले. तर ही बाई फळ्यापाशी उकिडवी बसली आणि बोटाने हवेत गाडी काढून दाखवायला लागली. इथे बॅटरी, इथे दिवा, इथे ड्रायव्हरचं बटण. म्हणाली, "लाल, पिवळी, निळी, ह्या सगळ्या कामाला घराबाहेर पडणाऱ्या. काळी आहे ना, ती सगळ्यांना परत घरी आणणारी. तिला अर्थ म्हणतेत. अर्थ नसला तर बाकीच्या कितीही रंगाच्या असू दे, एक दिवा लागायचा नाही. लागला का अर्थ?"

लागला. तेव्हापासून आमच्या लाइनवर एकमेकींना विचारायची पद्धतच पडली. कोणी नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला लागली की दुसरी विचारणार, "बाई, काळी तार बघितलीस का?"

ताईंना सगळं कळायचं असं समजू नका. ताईंना सगळं कळून घ्यायचं असायचं, आणि त्यापायी त्यांनी लोकांचे हाल पण केलेत. एकदा हळदीकुंकवाला माझ्या घरी आल्या. मी मिक्सरवर चटणी फिरवत होते. त्या म्हणाल्या, "हा जरा वेगळा आवाज कामून करायलाय?" मी म्हटलं, पहिल्यापासून असाच करतो. झालं. बायका वाणाची वाट बघत बाहेर बसल्यात आणि ताईंनी ओट्यावर मिक्सर सुटा केला. आवाजाचं कारण सापडलं. कुठलीशी चकती झिजली होती. पण परत जोडल्यावर तो चालेचना! सासूबाईंनी पाटा काढला आणि घाम पुसत चटणी वाटली, आणि ताई शेजारी बसून त्यांना गंभीरपणे सांगतायत, "पण आता कळलं की कामून वाजत होता." सासूबाई अजून ते सांगून हसतात, कधी कधी चिडतात पण.

ताईंची एक सवय मात्र चेष्टेची नव्हती. शिफ्टचा शेवटचा हार्नेस तयार झाला की तो त्या फळ्यावरून स्वतः उतरवायच्या. दोन्ही हातांवर घ्यायच्या, क्षणभर तसाच धरायच्या, वजन घेतल्यासारखा, आणि मग क्रेटमध्ये ठेवायच्या. आणि म्हणायच्या, "चालली सासरी. आता तिकडं नांदायली का नाही, कोणाला ठाऊक."

मी एकदा विचारलं, कधी बघायला नाही गेलात का? एवढ्या गाड्या रस्त्याने फिरतात. त्या म्हणाल्या, "बघायचं काय? पत्र्याच्या आत असते ती. आणि माझी अशी कुठली? माझ्या त्यात चारच तारा. बाकीच्या तुमच्या." ते खरंच होतं. लाइनवर कोणाचाच हार्नेस कोणाचा नसतो.

ताई स्वतः नांदल्या नव्हत्या. लग्न झालं, वर्षाच्या आत परत आल्या, भाऊ निगडीला कामाला होता त्याच्याकडे राहिल्या, आयटीआयचा कोर्स केला आणि नोकरीला लागल्या. त्यांच्या त्या परत येण्याचं कामून मात्र कोणी विचारत नसे. मी विचारलं होतं, बसमध्ये शेजारी बसल्यावर, भीत भीत. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "त्या घरात कामून विचारायची सोय नव्हती, सुरेखे." पुढे भाऊ गेला, वहिनी गावाला गेली, आणि ताई निगडीला बस टर्मिनसच्या मागे एका खोलीत एकट्या राहायला लागल्या.

आता नानांची गाडी. ही इंग्लंडची, दोन सीटची, टप नसलेली स्पोर्ट्स कार. नानांच्या लग्नाच्या आधीची. नानांच्या कंपनीतल्या एका मोठ्या साहेबांची ती हौस. साहेबांनी रंगाचं काम कायम नानांकडूनच करून घेतलं. साहेब वारले तेव्हा त्यांच्या बायकोने गाडी नानांना देऊन टाकली, कारण तिच्यावर साहेबांइतका जीव लावणारा दुसरा माणूस तिला ठाऊक नव्हता. गाडी इतकी बुटकी की गावाने तिला 'बशी' नाव ठेवलं. बशी आमच्या शेडमध्ये कडब्याशेजारी आली आणि नाना रिटायर होईपर्यंत तशीच राहिली. तोवर उंदरांनी तिच्या तारा खाऊन टाकल्या.

नानांनी रिटायर झाल्यावर बशीला अंगभर सोलली आणि रंगवायला घेतली. डाळिंबी रंग. रावेतला रणजित म्हणून एकजण राहतात. आयटीत आहेत आणि जुन्या गाड्यांचा नाद आहे. ते सुट्टीच्या दिवशी यायचे, इंजिन त्यांनीच बसवून दिलं. भला माणूस. त्यांनी सांगितलं की तारांसाठी तयार हार्नेस बाहेरदेशातून मागवता येतो. मी हे सहज ताईंच्या कानावर घातलं. ताईपण तेव्हा रिटायर झालेल्या. फोनवर त्यांचा आवाज एकदम चढला, "आख्खा? एकटीने करता येईल असा? सुरेखे, तुझ्या सासऱ्याला सांग, मागवू नका. मी करते."

आणि दुसऱ्या दिवशी बाई बसने हजर. प्लायवूड आणलं, त्याच्यावर खिळे ठोकले, उंदरांनी कुरतडलेला जुना हार्नेस शेजारी पसरला आणि एकेक तार बघून नवीन तार टाकायला सुरुवात केली. शेडच्या एका कोपऱ्यात नाना तोंडाला फडकं बांधून रंग मारतायत, दुसऱ्या कोपऱ्यात ताई पाटावर बसून तारा लावतायत. दोघंही तासन्‌तास कामात बुडालेली. मध्येच ताई विचारणार, "नाना, हा हात मारल्यावर वाळायला इतकं थांबता कामून?" आणि नाना खूश होऊन सांगत बसणार. नानांना असं विचारणारं घरात कोणी नव्हतंच. आम्ही आपलं "छान झालाय हं रंग" म्हणायचो आणि निघून जायचो.

नानांचं एकच तत्त्व. "उघडं लोखंड दिसता कामा न्हाई." पेंटशॉपमध्ये कुठे टिचभर जागा कोरी राहिली तर गाडी परत यायची आणि पोरांना बोलणी बसायची. त्यामुळे बशीचं बॉनेट उघडलं की आतसुद्धा आरशासारखं चकचकीत. बोल्टाची भोकं, कोपरे, सांदी, नानांनी काही सोडलं नव्हतं.

ताईंचा हार्नेस बसला. बॅटरी जोडली. गल्लीतली निम्मी माणसं शेडमध्ये. नानांनी चोकचं बटण ओढलं, किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले, आणि इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरवर किल्ली नेल्यावर नुसतं 'टक्'. दिवे मंदावले. परत फिरवली. परत टक्. इंजिन हललंसुद्धा नाही. पोरांनी गाडी ढकलली तर मात्र लगेच सुरू झाली, गावातून एक चक्कर मारून आली, बंद केली, आणि पुन्हा किल्लीला टक्. बॅटरी बदलून बघितली, स्टार्टर खोलून बघितला, तो चांगला निघाला.

मग उरलं काय? सगळ्यांची नजर हार्नेसवर गेली. रणजितराव हळूच म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण हाताने केलेल्यात कुठेतरी एखादा जोड कच्चा राहू शकतो. तयार हार्नेस टाकला की प्रश्न मिटेल." नानांनी मान डोलावली. रविवारी रणजितराव परत येणार होते. तोवर बिघाड सापडला नाही, तर ताईंचा हार्नेस निघणार आणि बाहेरचा येणार, असं ठरलं. ताई पुढच्याच आठवड्यात निगडीची खोली सोडून परभणीला बहिणीकडे कायमच्या जाणार होत्या. सामान बांधून ठेवलेलं. म्हणजे तो हार्नेस निघाला, तर ताई जाताना तो फेकलेला बघून जाणार. मला इतका राग येत होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

रविवारच्या आदल्या दिवशी सकाळीच ताई आल्या. मला वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी पिशवीतून ब्लेड काढलं आणि स्वतःच्या हार्नेसची टेप उभी कापली. इतकी सुबक गुंडाळलेली, एकावर एक निम्मी चढवलेली टेप! माझा जीव तुटला. मी म्हटलं, "ताई, दुसरीकडे बघा ना आधी."

"कामून? माझी आहे म्हणून?" त्या म्हणाल्या. "आधी आपल्याच पोरीला विचारावं."

एकेक जोड त्यांनी ओढून बघितला, छोट्या बल्बच्या दिव्याने एकेक तार तपासली. जेवायची वेळ होत आली. नाना ड्रायव्हरच्या जागेवर, ताई सांगतील तेव्हा किल्ली फिरवायला. फिरवा. टक्. थांबा. फिरवा. टक्. हार्नेसमध्ये काही म्हणजे काही चूक निघेना. आणि नाना वैतागायला लागले.

"आयला, ह्या चोकच्या बटणाला काय झालंय? चटका बसला की वं हाताला!"

ताईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"काय न्हाई, बटण तापलंय जरा."

"कामून तापायलं?"

"मला काय ठावं? तापलंय खरं."

ताई धावल्या. अक्षरशः धावल्या, पदर खोचत. चोकचं बटण म्हणजे काय, गाडी थंड असताना ओढायचं. त्याच्यामागे एक बारीक लोखंडी तार असते, ती इंजिनापर्यंत जाते आणि एक झडप ओढते. सायकलच्या ब्रेकसारखं काम. विजेचा आणि तिचा काही संबंध नाही. ताईंनी त्या तारेला हात लावला आणि लगेच काढला. मग खालीच बसल्या, बोटं फुंकत, आणि त्यांचा चेहरा जो काही फुलला तो मी सांगू शकत नाही.

"नाना," त्या म्हणाल्या, "चाकणच्या चौकात जाम लागला की कंटेनर कुठून जातेत?"

"आमच्या गावातनं घुसत्यात की. परवा गोठ्याची भिंत पाडून गेला एक."

"कामून घुसतेत?"

"मोठा रस्ता बंद म्हणून!" नाना खेकसले. "गाडीचं काय ते बघा ना ताई."

"गाडीचंच बघायले. स्टार्टरला लई वीज लागते. ती बॅटरीकडून इंजिनात येते, आणि परत जायला गाडीच्या अंगातून मोठा रस्ता पाहिजे. तो कुठंतरी बंद आहे. म्हणून ती बिचारी ह्या बोळातून घुसायली. चोकच्या तारेतून. तिची ऐपत नाही, म्हणून तापायली."

त्यांनी जाड केबल मागवली. एक टोक बॅटरीच्या अर्थला, दुसरं थेट इंजिनाच्या एका उघड्या बोल्टाला धरलं. "फिरवा."

बशी अशी गरजली की कडब्यातून मांजर पळालं. नाना हसतायत, टाळ्या वाजवतायत, गाडी बंद करून "अगं ए, चहा टाक" म्हणत घरात गेले. ताई मात्र वाकल्या. इंजिनापासून गाडीच्या अंगाला एक तांब्याची विणलेली पट्टी बोल्टाने आवळलेली असते. अर्थची पट्टी. बोल्ट त्यांनी सैल केला, पट्टी बाजूला केली. खाली डाळिंबी रंग. चकचकीत, जाड, चांगला चार हात दिलेला. आणि रंगातून वीज जात नाही.

मी म्हटलं, "ताई, नाना आत आहेत तोवर घासून टाकू. वरून पट्टी आली की कुणाला दिसतंय? सांगूया, एक स्क्रू ढिला होता."

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला गुळाची आठवण झाली. "आणि मला कोणी विचारलं, गाडी कामून चालू नव्हती, तर मी खोटं सांगू? आजवर नाही सांगितलं."

नाना चहा घेऊन आले. ताईंनी पट्टीखालच्या रंगाकडे बोट दाखवलं. नानांनी बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही, शेवटी सगळा जन्म गाड्यांत गेलेला. कपबशी पाटावर ठेवली आणि त्यांचा चेहरा दगड झाला.

"रंग घासायचा न्हाई," ते म्हणाले. "उघडं ठिवलं की गंज धरंल. तितनं सुरू झाला की पार खालपर्यंत खाईल. त्यापरीस रणजितरावांचा हार्नेस येऊंदे. त्यात काय वेगळं असंल तर बघू."

वेगळं काय असणार? हार्नेस कुठलाही आणा, पट्टी रंगावरच बसणार होती. हे नानांनाही कळत होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, "नाना, तुमच्या रंगापायी ताईंची अख्खी मेहनत उकिरड्यावर घालता का?" पण सून पडले ना मी.

ताई भांडल्या नाहीत. पाटावर बसल्या आणि सकाळी कापलेली टेप सोडून नवी गुंडाळायला लागल्या. जी गोष्ट दुसऱ्या दिवशी फेकली जाणार ती बाई नीट गुंडाळतेय! थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं. टोमणा नव्हता, खरोखरच कळून घ्यायचं होतं.

"नाना, तुमच्या कंपनीत इतक्या गाड्या रंगवायचात. मग तिथं अर्थच्या बोल्टावर रंग कामून नाही बसायचा?"

नाना म्हणाले, "तिथं टोप्या असायच्या."

"कसल्या टोप्या?"

"रबरी. बारक्या. आमच्याकडं गाडी यायच्या आधीच ठरल्याल्या जागी लावल्याल्या असायच्या. आमी वरनं रंग मारायचा. पुढल्या स्टेशनची पोरं काढून टाकायची."

"कशासाठी असतेत त्या?"

"ते... ते आदल्या स्टेशनचं काम. आमच्याकडं फकस्त रंग."

"मग विचारलं नाही कधी? कामून?"

नानांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "न्हाई इचारलं," ते म्हणाले. "एवढी वर्षं काढली ताई. न्हाई इचारलं कधी."

"मला तरी कुठं ठाऊक होतं," ताई म्हणाल्या. "माझा हार्नेस मी लावला तुमच्या रंगावर, पट्टी माझ्यासमोर आवळली. रंगाखाली काय असतंय, मी पण नाही विचारलं. आपण दोघं पण आपापल्या फळ्यापुरते."

नाना उठून घरात गेले. मला वाटलं, संपलं. ते परत आले ते चष्मा लावून, हातात मास्किंग टेप आणि सगळ्यात बारीक पॉलिश पेपर. त्यांनी बोल्टाच्या भोकाभोवती इतकी नेटकी गोल टेप लावली, जशी रंगवताना लावतात तशी, आणि मग आपलाच रंग आपल्या हाताने घासायला लागले. हळूहळू. डाळिंबी भुकटी त्यांच्या बोटांवर बसत गेली. खालून पांढरं लखलखीत लोखंड वर आलं. एकदा त्यांनी नाक ओढलं, आणि मी दुसरीकडे बघितलं. ताईंनी पिशवीतून व्हॅसलीनची डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "पट्टी आवळली की वरून हात फिरवा. गंज नाही धरायचा."

बोल्ट आवळून झाला. नाना ड्रायव्हरच्या जागेपासून बाजूला झाले.

"बसा," ते ताईंना म्हणाले. "तुमीच फिरवा."

तेव्हा कळलं की ताईंनी आयुष्यात कधी गाडीची किल्ली फिरवलीच नव्हती. ह्या बाईच्या हाताखालून किती गाड्यांच्या तारा गेल्या असतील! त्या अंग चोरून बसल्या. चोकच्या बटणावर एक हात ठेवला, तापतंय का बघायला, आणि किल्ली फिरवली. बशी पहिल्या झटक्याला सुरू झाली. टक्‌ नाही, काही नाही. नानांनी आरोळी ठोकली. ताईंनी गाडी बंद केली.

"अवो, बंद का केली?"

"एकदा झाली म्हणून काय झालं? परत होते का बघू." परत सुरू झाली. परत बंद. परत सुरू. प्रत्येक वेळी एखाद्या पोरीसारख्या हसायच्या. शेवटी सासूबाई दारातून ओरडल्या, "अहो ताई, पुरे आता, मिक्सर करू नका तिचा!"

रणजितरावांना मी फोन केला. ते मोकळेपणाने हसले, म्हणाले, चोकची तार तापते हे मी हात लावून बघायला हवं होतं, आणि परदेशातली ऑर्डर त्यांनी रद्द केली.

परभणीला गेल्यावर ताईंचा फोन यायचा. बहिणीच्या घरातला पंखा, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, कोणाकोणाचं काय काय खोललं ते सांगायच्या. बशी कशी आहे हे दर वेळी विचारायच्या. मग उन्हाळ्यात बहिणीचाच फोन आला. झोपेत गेल्या. मला जाता आलं नाही. मी खूप रडले, आणि नाना दिवसभर शेडमध्ये बसून होते.

म्हणून माझ्यासाठी ताई त्या शनिवारच्या दुपारीच राहिल्यात. नाना म्हणाले, चला, निगडीपर्यंत सोडतो. ताई शेजारच्या सीटवर बसल्या. मांडीवर पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट, चष्मा तारेच्या वेणीत. आख्खी गल्ली टाटा करतेय आणि ह्या बाईचं लक्षच नाही. त्या खाली वाकल्या होत्या. डॅशबोर्डच्या खाली हात घालून त्यांनी आपला हार्नेस तळहातावर धरला होता. लाइनवर शेवटचा जुडगा क्रेटमध्ये ठेवायच्या आधी धरायच्या, अगदी तसा. फक्त ह्या वेळी तो त्यांच्या हातातून कुठे जाणार नव्हता.

"ताई, रस्त्याकडं बघा की!" नाना इंजिनाच्या आवाजावर ओरडले.

बशी वळणाला लागली तेव्हा त्यांनी मान वर केली, मला शोधलं, आणि आवाज चढवून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं,

"नांदायली गं सुरेखे! नांदायली!"